तिच्याच पाटीवर बापाची श्रीमंती

मुलीला गो-कार्टच्या शर्यतीत उतरायचं होतं. लोक नावं ठेवतील म्हणून मी टाळत होतो. त्या रविवारी आमच्या प्लेनो शहराजवळच्या जुन्या मोटारींच्या म्युझियममध्ये गेलो. सुरुवातीच्या काळात शर्यती गाजवणाऱ्या एका ब्रिटिश बाईच्या पाटीवर नऊ ओळी होत्या. आठ ओळींत वडिलांची गिरणी, हवेली, फरचे कोट. जिंकलेल्या शर्यती एका ओळीत. सोबत आलेले शेजारचे काका हसले, "बापाचा पैसा, दुसरं काय!"

मी चिडून तिच्या बाजूच्या सहा पुरुषांच्या पाट्या वाचल्या. त्या काळी गरिबाला मोटार परवडतच नव्हती, तरी एकाच्याही बापाचा उल्लेख नव्हता. होते ते फक्त वेगाचे आकडे.

"काका, यांना गाड्या काय रेशनवर मिळाल्या होत्या?"

मुलीचा शर्यतीचा फॉर्म मी तिथेच फोनवर भरला.