त्या जागेवरची दाद

मोठ्या माणसाचं मागं पडलेलं काम आवडणं ही एक भानगडच असते. लोकांना वाटतं, ही मुद्दाम वेगळं बोलून राहिली. जॅझ वाजवणारा तो पियानोवाला केवढा मोठा, ते मी काय सांगावं! त्याच्या ज्या चार-दोन अल्बमची नावं जाणकार घोकत असतात, ते मीही ऐकले आहेत. चांगलेच आहेत. पण माझा जीव आहे त्याच्या उतारवयातल्या एका अल्बमवर. त्याच्याबद्दल कुणी लिहिलंच, तर एवढंच लिहितात की हात थकले होते. थकले म्हणे! कान यांचे थकले, अन् नाव त्याच्या हातांचं.

त्यात तो एकटा आहे. ड्रम नाही, बास नाही, टाळ्या नाहीत. तरुणपणी हा माणूस सूर नुसता उधळत सुटायचा. इथे जिथं पाच लागतील तिथं दोनच ठेवतो आणि उरलेले ऐकणाऱ्यावर सोडतो. आमच्या कॅसेटची दुसरी बाजू एका धुनेनं सुरू व्हायची, अगदी संथ. ती चढत चढत वर जाते आणि शेवटच्या पायरीशी थबकते. दोन्ही हात थांबतात. स्टूल करकरल्याचा आवाज येतो. आता हा नेमका कुठं उतरणार ते आपल्याला ठाऊक असतं, आणि हा पठ्ठ्या शेजारच्याच सुरावर पडतो. कानाला आंबट लागतो तो सूर. दुसरा असता तर पटकन सावरून पुढे पळाला असता. हा तोच सूर पुन्हा वाजवतो, आणखी एकदा वाजवतो, आणि बघता बघता सगळी धून त्या चुकलेल्या सुराभोवती येऊन बसते. गाणं ऐकणारे याला ‘जागा’ म्हणतात. अशी जागा मी दुसरीकडे ऐकलेली नाही.

कॅसेट बाबांची. दीक्षाभूमी बघायला आलेला अमेरिकेतला एक पाहुणा आमच्या घरी जेवला होता, जाताना ती बाबांच्या हातात ठेवून गेला. बाबा म्हणायचे, “या वाजवणाऱ्याचे काळे लोकही आपल्यासारखेच सोसलेले. म्हणून हे वाजवणं मले ओळखीचं वाटते.” बाबा भीमगीतांच्या कव्वालीचे शौकीन. मुकाबला असला की पुढच्या रांगेत बसायचे, आणि दाद द्यावी तर त्यांनीच. त्यांचा एक नियम होता. दाद मागायची नसते, ठरवून द्यायची तर नसतेच नसते, ती तोंडातून सुटली पाहिजे. उन्हाळ्यात आम्ही दोघं कूलर बंद करून, घामाघूम होऊन ती कॅसेट ऐकायचो. ती जागा आली की बाबा मांडीवर थाप मारायचे आणि म्हणायचे, “वा!” आई म्हणायची, बापलेक दोघंही येडे झाले.

पुढे लग्नाचं वय झालं आणि पोट्टे पाहायला येऊ लागले. मी एकेकाला नकार देत गेले. घरात कुजबुज सुरू झाली, हिला पाहिजे तरी कोण? मला काय पाहिजे ते मला पक्कं माहीत होतं. त्या जागेवर ज्याच्या तोंडून आपोआप काहीतरी सुटेल, असा माणूस. म्हणजे जन्मभर मला समजावत बसावं लागणार नाही. हे मी फक्त बाबांना सांगितलं होतं. ते हसले होते आणि म्हणाले होते, “पोट्टी माह्यावर गेली.”

मग भिवापूरचा एक गणिताचा मास्तर आला. बसस्टँडवर त्याला घ्यायला बाबा स्वतः गेले. पोहे झाले, चहा झाला, आणि दोघांना बोलू द्या म्हणून मोठी माणसं अंगणात गेली. मी काही न बोलता दुसरी बाजू लावली. तो मान खाली घालून, हाताची घडी घालून बसला होता. धून थबकली, स्टूल करकरलं, तो आंबट सूर आला, आणि मास्तर मान हलवून म्हणाला, “वा!”

मी तिथंच हो म्हटलं. मनातल्या मनात नाही, तोंडानं. अंगणात ऐकू गेलं म्हणतात.

त्यानंतर आमचा संसार जसा सगळ्यांचा होतो तसा झाला. भांडणं झाली, त्याच्या आईनं पाठवलेल्या मिरच्या कांडताना माझे डोळे सुजले, मुलगी झाली, तिचंही लग्न झालं. नवरा भला माणूस, पण घुम्या. मला कितीदा वाटलं, याच्याशी बोलण्यासारखं आपल्याकडे काही उरलंच नाही. तसं वाटलं की मी ती कॅसेट लावायची, नेहमी दुसऱ्या बाजूनंच. त्या जागेवर तो “वा!” म्हणायचा, आणि मला वाटायचं, आहे ना! आहे अजून. त्या एका ‘वा’वर मी पुष्कळ काही गिळलं.

यंदाच्या हिवाळ्यात टेप कायमचा बंद पडला. मुलीनं दिलेल्या स्पीकरवर फोनमधून तो अल्बम पहिल्यांदाच सुरुवातीपासून लावला. नवरा दिवाणावर बसून मटार सोलत होता. मी त्याच्या पाठीमागे कपड्यांच्या घड्या घालत होते. पहिलीच धून चालू होती, आणि आमच्याकडचं नेटवर्क ते! मध्येच गेलं. फोनवर ते गोल गोल फिरायला लागलं. खोली शांत झाली. मग नेट आलं, पियानो जिथं तुटला होता तिथून पुढे सुरू झाला, आणि मटारावरची नजर न काढता नवरा म्हणाला, “वा!”

मला आधी हसू आलं. अहो, माणसानं नेटवर्कला दाद दिली! हसता हसता मी त्याच्या पाठीकडे पाहिलं आणि घडी घालायची थांबले.

“काहून म्हटलं तुम्ही वा?”

“थांबून पुन्हा सुरू झाला नं तो.”

“म्हणून?”

त्याला खरंच कळेना मी काय विचारतेय. “तुह्या बाबांनीच तर सांगतलं होतं,” तो म्हणाला. “बसस्टँडहून येताना. पोरगी बाजा लावन, तो थांबला का मंग पुन्हा सुरू झाला, का ‘वा’ म्हणजा. मले वाटलं, तुले माहीत असन.”

“अन् एवढी वर्षं?”

“तुले बरं वाटते नं वं. तुह्या तोंडावर दिसतेच कधी म्हणायचं ते.”

त्याच्या आवाजात चोरी नव्हती, त्याचाच मला जास्त संताप आला. मी घड्या तशाच टाकल्या, चप्पल घातली आणि शेजारच्या गल्लीत भावाकडे गेले. बाबा तिथं राहतात. अंगणात उन्हाला खुर्ची टाकून बसले होते. मी उभ्या उभ्याच बोलले. म्हटलं, परक्यानं फसवलं असतं तर मी चार शिव्या देऊन मोकळी झाले असते, इथे तर कुंपणानंच शेत खाल्लं. मी तुम्हाला सांगितलेली गोष्ट, एकट्या तुम्हाला, ती तुम्ही रस्त्यानं चालता चालता त्याला पढवली?

बाबा म्हणाले, “पोरगा चांगला होता वं. तू त्यालेही नाही म्हटलं असतं. वाईट झालं का काही? मारते का? पेते का?”

“तो विषयच नाही, बाबा! दाद ठरवून द्यायची नसते, हे कोण सांगत होतं मले?”

मी जरा शांत झाले. म्हटलं, जाऊ द्या, त्याला नसेल येत ऐकायला. आपण दोघं तर ऐकत होतो. उन्हाळ्यात, कूलर बंद करून. ते तर खरं होतं ना?

बाबांनी उन्हातून पाय आत घेतले.

“मले त्या पेटीतलं काय समजते वं,” ते म्हणाले. “तू लहान होती. एका ठिकाणी तू श्वास धरून बसायची, अन् मंग तुहं तोंड असं फुलायचं. मी ते पाहून म्हणायचो.”

म्हणजे ती जागा त्यांनी मला दाखवलेली नव्हती. मीच ती शोधली होती, इवलीशी असताना, आणि तेव्हापासून दोन पुरुष माझ्या तोंडाकडे बघून माझीच दाद मला परत देत होते. लोक म्हणतील, केवढं हे प्रेम! असेल बाप्पा प्रेम. पण त्या जागेवर मला प्रेम नको होतं. मला तिथं कुणीतरी सोबत ऐकणारं हवं होतं, आणि तसं कुणी कधीच नव्हतं. बाबांच्या पाया न पडता मी घरी आले.

घरात आठवडाभर कामापुरतं बोलणं चाललं. रविवारी जेवणं झाल्यावर नवरा आपणहून स्पीकर घेऊन आला. “लाव नं तुहा पियानोवाला,” म्हणाला. “बसतो मी.”

मी लावला. तो माझ्यासमोरच खुर्ची ओढून बसला, जरा पुढे झुकून, माझ्या चेहऱ्यावर नजर ठेवून. मी पेपर उघडला. ती धून आली. चढली, थबकली, स्टूल करकरलं, तो आंबट सूर पडला, आणि मी कपाळावरची रेघही हलू दिली नाही. श्वास सारखा ठेवला. पेपरचं पान उलटलं. सगळी धून त्या सुराभोवती येऊन बसली, संपली, आणि पुढची सुरू झाली.

नवरा अजून वाट पाहत होता.

“आली का वं ती जागा?” त्यानं हळूच विचारलं.

“नाही अजून,” मी म्हणाले.

“बरं,” म्हणून तो सावरून बसला.