यादीत नसलेली मुलं

मुलुंडच्या ज्या कॉलेजात मी फिजिक्स शिकवते, तिथे पहिल्या वर्षाच्या वर्गात एकशे वीस मुलं होती. बाकं जमिनीला ठोकलेली, माइक बहुतेक वेळा बंद. मी तासभर घसा फोडायचे, मुलं उतरवून घ्यायची. पेपर तपासताना कळायचं, कुणाच्याच डोक्यात काही शिरलेलं नाही.

म्हणून फळ्यावर एक प्रश्न आणि त्याचे चार पर्याय लिहायला लागले. पटेल त्या पर्यायाला हात वर करायचे, मग पाच मिनिटं शेजाऱ्याशी वाद घालायचा, पुन्हा हात वर. आधी मुलं लाजली. आठवड्याभरात तावातावाने भांडायला लागली. एकदा मागच्या बाकावरची, एरवी तोंड न उघडणारी मुलगी शेजारणीला सांगत होती, "लिफ्ट खाली येते म्हणून वजन कमी लागत नाही गं, खाली येताना वेग वाढतो तेव्हाच कमी लागतं."

बाजूच्या वर्गातल्या सरांनी तक्रार केली. प्राचार्यांनी बोलावून घेतलं. "मॅडम, वर्ग आहे की मासळी बाजार? पोर्शन संपवा." मी मान डोलावून परत आले. त्या मान डोलावण्याचा राग अजून गेलेला नाही.

दोन महिन्यांनी कॉलेज तपासायला समिती येणार होती. आदल्या दिवशी प्राचार्यांनी पुन्हा बोलावलं.

"तुमचं ते चर्चेचं दाखवू या, समितीला असलं नवीन आवडतं. बरं इंग्रजी बोलणारी ही तीस मुलं."

यादी तयारच होती. मागच्या बाकावरची ती मुलगी त्यात नव्हती.

"आणि बाकीची?"

"घरी राहू दे ना. एका दिवसाचा तर प्रश्न आहे."

माझं डोकं सणकलं. संध्याकाळी वर्गाच्या ग्रुपवर लिहिलं, उद्या सगळ्यांनी यायचं.

जवळजवळ सगळी आली. मी प्रश्न टाकला आणि वर्ग मराठी, हिंदी, गुजरातीत उसळला. समितीतल्या एक बाई मागच्या बाकापर्यंत जाऊन मुलांशी वाद घालत बसल्या. प्राचार्य दारात उसनं हसत उभे होते.

समिती गेल्यावर म्हणाले, "यादी दिली होती ना?"

"मी एकशे वीस मुलांना शिकवते, सर."

पुढच्या सत्रात माझ्याकडे फक्त प्रॅक्टिकल्स आली. तो वर्ग ज्यांना मिळाला, ते नोट्स वाचून दाखवतात. कॉलेजच्या वार्षिक अंकात मात्र माझ्या तासाचा फोटो छापला, पुढच्या दोनच बाकांवरच्या मुलांचा. मी ऑफिसात जाऊन जाब विचारला, मागची मुलं कुठे गेली?

क्लार्कने मान वर न करता सांगितलं, "मॅडम, पानावर जागा नव्हती."