पंचमदेव नावाचा नवरा

गल्लीकरांनो, शांताबाईनं लग्नात उखाणा घेतला तेव्हा तुमच्यापैकी किती जण मांडवात होते? खरं सांगा. मी होते. सात-आठ वर्षांची असेन, नजर बुंदीच्या टोपल्यावर. बायकांनी नव्या नवरीला घेरलं, नाव घेतल्याशिवाय घास भरवू देईनात, आणि ती मान खाली घालून पण खणखणीत म्हणाली, "संत्र्याच्या फुलाला दूरदूर वास, महादेवरावांना भरवते मी घास." तुम्ही टाळ्या वाजवल्या. महादेवचे कान लाल झाले. हे सगळं मी आज पुण्यात बसून का उकरून काढते आहे, ते शेवटी सांगते. आधी स्टेशन.

मी पांढुर्णा सोडलं ते दुपारच्या नागपूरकडच्या गाडीनं. बाबा छापखान्यातून तसेच आले होते, बोटांना काळी शाई. त्यांनी माझ्या हातात एक वही ठेवली. उरलेली पत्रकं उलटी शिवून केलेली, एका बाजूला कोणत्या तरी पक्षाचं आश्वासन, दुसरी बाजू कोरी. आई म्हणाली, "तिकडे कोणाशी भांडू नको. राग आला तं कांदे चीर, कोणाच्या तरी कामी येते." शिट्टी होता होता शांताबाई धावत आली. हाताला खळ लागलेली होती, म्हणून तिनं मला जवळ घेतलं ते कोपरांनी. "मशीन आली का पयल्या शेवया तुलेच धाडीन," ती म्हणाली. "खीर करजो आन त्या पुनेवाल्यायले चाखवजो."

त्या शेवया अजून आलेल्या नाहीत. त्याचं कारण मला माहीत आहे आणि त्यात माझाही हात आहे.

जे नव्यानं वाचत असतील त्यांच्यासाठी सांगते. शांताबाई आमच्या छापखान्यात पत्रकांच्या घड्या घालायची, अजूनही घालते. मी अक्षरं शिकले ती याच पत्रकांवर. आमच्या घरी पाटीआधी प्रूफ आलं. महिला उत्थान, ग्रामीण विकास, नारी जागृती, काय काय आम्ही छापलं! मी ते मोठ्यानं वाचायची आणि शांताबाई घडी घालता घालता विचारायची, "हे कोनासाठी लिवलं आहे व?" मी म्हणायची, "तुझ्यासाठी." ती म्हणायची, "मंग मले घडी कायले घालाले लावता? उघडंच ठेवा ना."

तिचा नवरा महादेव तिगावच्या बाजूला रुळांच्या कामाला गेला, तिथून इटारसीला, आणि तिथून कुठं ते त्यालाच ठाऊक. पत्र नाही, पैसा नाही. ती दिराच्या घरात, मागच्या खोलीत राहिली. उन्हाळ्यात गल्लीतल्या सगळ्या बायका पाटावर शेवया करायच्या. तिला वाटलं, हातानं फिरवायची शेवयांची मशीन घेतली तर लोक आपापला रवा घेऊन येतील, आपण मजुरी घेऊन शेवया पाडून देऊ. एकटीला झेपणारं नव्हतं. अजून सहा जणी तयार झाल्या. सरकारची योजना होती: कर्ज मिळेल, पण थोडा वाटा बायकांनी स्वतः उभा करायचा. आणि परित्यक्तांना प्राधान्य. म्हणून अर्ज शांताबाईच्या नावानं करायचा ठरलं.

वाटा कसा जमवला, ते तुमच्या बायकांना विचारा, तुम्ही नदीवर होतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी अख्खं गाव जांब नदीवर गोटमारीला जातं. इकडच्या काठावरून तिकडे गोटे, तिकडून इकडे गोटे, आणि घरी राहतात बायका. त्याच दिवशी लहान पोरं लाकडी बैल घेऊन दारोदार बोजारा, म्हणजे बैलाची ओवाळणी, मागतात. शांताबाईला युक्ती सुचली. या सात बायांनी लाकडी बैलाला झूल घातली आणि स्वतःच निघाल्या. दार उघडलं की म्हणायच्या, "बैल आला, बोजारा द्या, धनी घरी हाये का?" आतून बाई म्हणायची, "धनी डोकं फोडून घ्याले गेला." आणि हसत हसत डब्यातून काढून द्यायची. कोणी पैसे, कोणी पायली गहू. ज्या व्यापाऱ्यांकडे मी छापील आवाहन घेऊन तीनदा गेले होते, त्यांच्याच घरून त्या दिवशी मागच्या दारानं वाटा आला. माझ्या आवाहनाला एक दमडी आली नव्हती.

मग प्रशिक्षण. योजनेत प्रशिक्षण सक्तीचं होतं, आणि जे गुरुजी आले त्यांना मेणबत्त्या करता येत होत्या. म्हणून शेवया पाडू पाहणाऱ्या सात बायका पंधरा दिवस मेणबत्त्या शिकल्या. मी संतापानं पत्रक लिहिलं. शांताबाई म्हणाली, "जाऊ दे व. लाइट जाते तवा मेनबत्ती लागते, पन भूक तं लाइटातही लागते." प्रमाणपत्र मिळालं. बाबांनी ते काचेत लावून दिलं.

त्यानंतर आम्ही दोघी अर्ज घेऊन बसनं सौंसरच्या कचेरीत गेलो. इथं माझी चूक झाली. आत साहेबांच्या टेबलावर मी योजनेचं पत्रक उघडून बसले होते. शेवयांची मशीन यादीत नाही म्हणता, पण यादीत "इत्यादि" आहे, मग इत्यादीत शेवया का नाहीत? मी नियम वाचत होते, आवाज चढवत होते, आणि मला, कबूल करते, फार छान वाटत होतं. बाहेर दाराजवळच्या टेबलावर बाबू शांताबाईचा अर्ज भरत होता. बाबू जबलपूरकडचा, नवा, कानाला मराठीची सवय नसलेला.

"पति का नाम?"

आपल्याकडे कोणती बाई परक्या माणसासमोर नवऱ्याचं नाव घेते? जो पाच वर्षं फिरकला नाही त्याचंही नाही.

"बोलो बाई, लाइन लगी है."

तिनं पदर ओढला आणि म्हणाली, "पचमढीचा देव." पचमढीचा देव म्हणजे बडा महादेव, हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल. बाबूनं मान डोलावली आणि लिहिलं: पति, श्री पंचमदेव.

मी विजयी होऊन बाहेर आले, साहेबांनी "इत्यादि" मान्य केलं होतं. अर्जावर नजर टाकायचं मला सुचलं नाही. छापखान्यात वाढलेली मी, जिला दुसऱ्यांच्या लग्नपत्रिकेतला चुकलेला अनुस्वार दिसतो. बाबा नेहमी म्हणतात, "कंपोझिटरनं उलटं वाचावं, तेव्हा जगाला सुलटं दिसते." मी त्या दिवशी वाचलंच नाही. आठवड्याभरात पुण्याच्या नोकरीचं पत्र आलं आणि मी निघाले.

पुढचं मला बाबांच्या पत्रांतून कळत गेलं. कर्ज मंजूर झालं, "शांताबाई पति पंचमदेव" हिला. बँकेत राशनकार्ड दाखवलं तर तिथं पती महादेव. बायकांचा वाटा बँकेत भरलेला होता, तोही अडकला. बँक म्हणाली, पतीला आणून दोन्ही नावं एकाचीच असं लिहून द्या. आता हसा. जो माणूस सोडून गेला म्हणून तिला योजना, त्याच माणसाला आणल्याशिवाय योजना नाही. बाबांनी त्यांच्याच छापखान्यात छापलेली लग्नपत्रिका नेली, चिरंजीव महादेव, ठसठशीत. उत्तर मिळालं, "प्राइवेट छपाई नहीं चलेगी."

बाबांनी तिला विचारलं होतं, "उखाण्यात तं घेतलं होतं ना नाव?" तर म्हणाली, "तो हसीचा दिवस होता, दादा. सायबापाशी उखाना घेऊ काय?"

मी पुण्यात आहे त्याला आता दुसरा पावसाळा. इथल्या घरमालकीणबाई मला मुद्दाम विचारतात, "काय करून राहिलीस?" आणि स्वतःच हसतात. ऑफिसात एकानं विचारलं, मध्य प्रदेशात मराठी कोण बोलतं? मी म्हटलं, मी. माझी संस्था बायकांना छोटी कर्जं मिळवून देते, शिवण शिकवते, आणि वर्षातून एकदा हॉल घेऊन निधी गोळा करते. चांगलं काम आहे. तरी मी रोज चिडते. इथं बायकांना "लाभार्थी" म्हणतात, महिन्याला "टार्गेट" असतं, आणि निधीच्या कार्यक्रमात मला सांगितलं गेलं, "तुमच्या त्या शांताबाईंची गोष्ट सांगा. पण ते नावाचं नको, लोक हसतील. त्या किती हलाखीत आहेत ते सांगा." मी सांगितली. बैल गाळला, मेणबत्त्या गाळल्या, तिचे विनोद गाळले. फक्त मागची खोली ठेवली. समोर रुमाल निघाले, पाकिटंही. त्या रात्री जेवताना मी खूप कांदे चिरले. मी तिला न विचारता तिच्यातलं अर्धं माणूस विकून आले होते, आणि त्यातला एक पैसाही पांढुर्ण्याला जाणार नव्हता.

आणि आमच्या संस्थेच्या अर्जात दुसरीच ओळ काय असावी? पतीचे नाव. मी म्हटलं, काढा. म्हणाले, असू दे, सगळ्याच फॉर्मात असतं. पुढच्या छपाईला मी स्वतः इथल्या छापखान्यात गेले आणि ती ओळ काढून टाकायला लावली. ओरडा खाल्ला. पण अर्ज छापून झाले होते आणि कागद महाग आहे, म्हणून ती ओळ गेली ती गेली.

यंदा पोळ्याला मी घरी आले ती एकाच कामासाठी. बँकेनं शेवटी एक वाट दिली होती: गावातल्या दोन जाणत्या माणसांनी सौंसरला समक्ष येऊन लिहून द्यावं की पंचमदेव आणि महादेव एकच. आमच्या घरची सही चालत नव्हती, ती आमच्याकडे कामाला म्हणून. फक्त ओळख पटवायची. मी तुमच्या दारात आले. आठवतं ना?

एक काका म्हणाले, "सही कराले आमचा हात दुखत नाई, पोरी. पन उद्या तिनं हप्ता बुडवला तं बँक कोनाच्या दारात येईल?" मी म्हटलं, काका, ही ओळख आहे, जामीन नाही. ते म्हणाले, "सही थे सही." शाळेतले एक गुरुजी, ज्यांनी त्या लग्नात बँडपुढं रुमाल हवेत उडवला होता, त्यांना महादेवचा चेहराच आठवेना. आणि शांताबाईचा दीर ओट्यावर बसून मोकळेपणानं बोलला, त्याचे मी आभार मानते. "तिले मशीन भेटली तं ते आमच्या घरचे भांडे कायले घासीन?" निदान त्यानं सहीचं कारण पुढं केलं नाही. गल्लीत आता एक रंगीत टीव्ही आला आहे. मी एका दारात उभी होते तेव्हा मला हातानं थांबवलं गेलं, बातम्या संपू दे.

मी शांताबाईवरही चिडले. म्हटलं, एकदा घे ना नाव! कोणासाठी पाळते आहेस? ती पत्रकांची चळत ठोकून सरळ करत म्हणाली, "त्याच्यासाठी नाई व. मायं तोंड हाये. त्यानं घर सोडलं, मी मायी रीत कायले सोडू?" 

पुण्यात मला विचारतात, घरची आठवण येते का? येते, आणि त्याबरोबर रागही येतो, कारण इथं माझी ओळख माझ्या कागदावर आहे, तिथं ती तुमच्या तोंडात होती. "छापखान्यावाल्याची पोरगी" म्हटलं की कोणतंही दार उघडायचं. मला घर म्हणजे तेच वाटायचं: आपण गप्प राहिलो तरी आपलं नाव सांगणारा शेजारी. तुम्ही गप्प बसलात तर माझं घर कुठं आहे, ते मलाच कळेनासं झालं आहे.

हे पत्रक बाबा छापत आहेत. खिळे जुळवताना त्यांनी शांताबाईला शेजारी बसवलं. घड्या घालता घालता तिला टाइपातली अक्षरं ओळखू येऊ लागली आहेत, उलटी. बाबांनी लिहिलंय की पहिल्या परिच्छेदातलं "महादेव" त्यांनी रिकामं सोडलं होतं. तिनं खणांतून म काढला, हा काढला, दे आणि व काढला, आणि ओळीत बसवला. तोंडानं एक शब्द नाही. मग म्हणाली, "रीत जिभेची हाये, बोटायची नाई."

तिनं तिचं काम केलं. आता तुमचं. येत्या मंगळवारी सकाळच्या सौंसरच्या बसमध्ये शांताबाई बसणार आहे, सोबत माझी आई. तुमच्यातल्या दोघांनी तिच्यासोबत जा. तिकीट बाबा काढतील. टेबलासमोर उभं राहून एवढंच सांगा: आम्ही त्या मांडवात होतो, हिनं उखाण्यात महादेवचं नाव घेतलं, आम्ही आमच्या कानांनी ऐकलं, पंचमदेव म्हणजे तोच. आणि खाली सही करा.