कच्ची व्हीसीडी अन् पक्की डीव्हीडी

हुडकेश्वरला घर बांधलं तेव्हा खाली आम्ही आणि वर दीर-जाऊ असं ठरलं. पाण्याची मोटर एकच, जिना एकच, आणि दोघा भावांना भांडायला विषयही एकच. आमच्याकडे व्हीसीडीचं मशीन होतं आणि दिराकडे डीव्हीडीचं.

आता हे नव्या पोरांना समजावून सांगावं लागतं. चकत्या दोन्ही सारख्याच दिसायच्या. बशीएवढ्या, मधे भोक, खालून चकचकीत. पण व्हीसीडीच्या एका चकतीत सिनेमा मावायचा नाही, दोन-तीन लागायच्या. ऐन मारामारीत सिनेमा थांबायचा, कोणीतरी उठून चकती बदलायचं आणि तेवढ्यात मी चहा टाकून घ्यायची. डीव्हीडीत अख्खा सिनेमा एकाच चकतीत, चित्र स्वच्छ. पुढे पुढे तर एकीतच पाच-पाच सिनेमे यायला लागले. दिराचं मशीन आमची व्हीसीडी मुकाट्यानं चालवायचं. आमचं मशीन त्याची डीव्हीडी तोंडात घ्यायचं, घरघर करायचं आणि परत बाहेर ढकलायचं. कोण जिंकणार हे कळायला मला तेवढंच पुरेसं होतं. पण आमचे हे बुटीबोरीला कापडाच्या कारखान्यात होते, मशीन त्यांनी स्वतः हातात घेऊन, उलटंसुलटं पाहून आणलेलं, आणि स्वभाव हट्टी.

"अख्ख्या इदर्भात व्हीसीडी चालते," हे म्हणायचे. "तुही डीव्हीडी फक्त तुह्या घरात चालते."

"थांब ना दादा, दोन वर्सं थांब," दीर जिन्यावरून म्हणायचा. "मंग तुह्या मशीनवर वहिनी कुरड्या वाळवते का नाही ते पाय."

मुलीचं लग्न ठरलं ते याच दिवसांत. आमचं लग्न म्हणजे बौद्ध पद्धतीनं, पांढऱ्या साडीत, पंचशील घेतलं, हार घातले, पाऊण तासात मोकळे. वेळ लागतो तो हळदीला. हळदीला बायका बसतात आणि गाणी म्हणतात, आणि आमच्या घरात ही गाणी पाठ केलेली नसायची. माझी आई ती तिथंच बसून जुळवायची. मांडवात जी बाई समोर दिसेल तिच्या नावानं एक कडवं. त्यात कौतुक थोडं आणि चिमटा जास्त. ज्या बाईच्या वाट्याला कडवं आलं नाही ती वर्षभर रुसायची, आणि जिच्या वाट्याला आलं ती दोन वर्षं.

फोटोवाला हळदीलाच कॅमेरा घेऊन आला. मोठा, खांद्यावर ठेवायचा कॅमेरा होता. त्यानं सहज विचारलं, "काकाजी, कशात देऊ? व्हीसीडी की डीव्हीडी?"

झालं. पाहुण्यांच्या देखत दोघे भाऊ सुरू झाले. नवरदेवाकडचे लोक चहाच्या कपात तोंड घालून ऐकत होते. शेवटी मीच मधे पडले. म्हटलं, "भाऊ, दोन्हीत दे. पण आता तिकडं जाऊन शूटिंग कर, माय गाऊन राहिली."

आई पाटावर बसली होती, पोरीच्या बाजूला. तिनं कडवी टाकली ती अशी:

पहिली हळद आईची, पाट्यावर वाटली वं.
दुसरी हळद मावशीची, काटोलाहून आणली वं.
तिसरी हळद काकूची, माडीवरून सांडली वं.

काकू म्हणजे माझी जाऊ. ती वरच्या माळ्यावर राहते आणि तिच्या हातून काही ना काही सांडतच असतं, हे सगळ्या पाहुण्यांना माहीत. मांडव हसला, जावेनं पदर तोंडाला लावला. प्रत्येक कडव्याला दोन ओळी असायच्या, मी फक्त पहिल्याच लिहिते आहे. चौथं कडवं आईनं स्वतःच्या नावानं म्हटलं, आजीच्या. ते मी धड ऐकलं नाही. मला कोणीतरी हाक मारली, दुधाचं काहीतरी होतं, आणि मी स्वयंपाकघरात गेले. वाटलं, काय घाई आहे, शूटिंगमध्ये आहेच.

आठ दिवसांनी फोटोवाल्यानं व्हीसीडी आणून दिल्या. तीन चकत्या. एक हळद, एक लग्न, एक स्वागत समारंभ. तो म्हणाला, "काकू, ही कच्ची आहे. जसं शूट झालं तसं भरून दिलं. पक्की डीव्हीडीत येईन, मिक्सिंग करून." आता कच्चं म्हटल्यावर आपलं मन असं असतं की पक्क्याची वाट पाहायची. कच्ची आम्ही एकदा लावली, पण हळदीची चकती सुरू झाली तेव्हा घरात पाहुणे जेवत होते. कोणी पाहिलं, कोणी नाही. मी वाढत होते.

डीव्हीडी चार महिन्यांनी आली. सगळं घर वर दिराकडे जमलं. आईलाही धरून धरून जिना चढवला. डीव्हीडी खरंच सुंदर होती. माझी पोरगी कधी बदामाच्या आकारात दिसायची, कधी कमळातून उगवायची, मागे बर्फाचे डोंगर. आमच्या घरात कोणी बर्फ पाहिलेला नाही, फ्रीजरमधला सोडून. मग हळद आली. पाटावर आई बसलेली, टाळ्या वाजवून गाते आहे, तोंड हलतं आहे, आणि वरून सिनेमातलं गाणं. मोठ्या गायिकेचा गोड आवाज.

आईनं टीव्हीकडे बोट केलं. मग म्हणाली, "काहून वं, तोंड माहं हालून राहिलं अन् आवाज कोण्या बाईचा येऊन राहिला?"

सगळे पोट धरून हसले. मीही हसले. दीर म्हणाला, "मावशी, तुमाले हिरोईन केलं त्यानं." त्या दिवसापासून आमच्या घरात व्हीसीडी हरली. ह्यांनी मान्य केलं नाही, पण वादही घातला नाही. कच्च्या चकत्या कपाटावर पडून होत्या. माझी धाकटी बहीण काटोलजवळ गावात दिलेली, तिच्याकडे नुकतंच व्हीसीडीचं मशीन आलं होतं आणि लावायला काही नव्हतं. मी त्या तिन्ही तिला देऊन टाकल्या.

पुढच्या वर्षी आई गेली.

मधे पुष्कळ वर्षं गेली. दिराचं डीव्हीडीचं मशीनही एक दिवस बंद पडलं आणि दुरुस्त करणारा म्हणाला, आता याचे भाग मिळत नाहीत. डीव्हीडीहूनही चांगली चकती निघाली आहे असं पुतण्या सांगायचा, निळ्या किरणांची, तीही मोठमोठ्या कंपन्यांची आपसात मारामारी होऊन एक जिंकली म्हणे. आमच्यापर्यंत ती पोचलीच नाही. त्याआधी सगळं मोबाइलमध्ये गेलं. दोघे भाऊ निवृत्त झाले आणि भांडायला पाण्याची मोटर उरली.

यंदा नातीचं लग्न ठरलं. त्याच मुलीची मुलगी. ती मला म्हणाली, "आजी, आईच्या हळदीला पणजीनं जे गाणं म्हटलं ना, तेच मला पाहिजे. पूर्ण. नवीन काही नको." मी म्हटलं, बरं. आणि मग बसून म्हणायला लागले तर तीन कडवी आली आणि चौथ्याला मी स्वयंपाकघरात. आईनं जन्मभर दुसऱ्यांच्या नावानं कडवी केली. स्वतःच्या नावानं एकच, आणि ते माझ्याकडे नव्हतं.

डीव्हीडी नातीनं कुठून तरी चालवून आणली. आई तोंड हलवते, गायिका गाते. फोटोवाल्याला शोधून काढलं. तो आता म्हातारा झाला आहे, मुलगा दुकान पाहतो. मी विचारलं, मूळ कॅसेट? तो म्हणाला, "काकू, कॅमेऱ्याच्या कॅसेटी पुसून परत वापरायचो आम्ही. तुमच्या हळदीवर नंतर दुसऱ्या कोणाची तरी हळद झाली." त्यात त्याची चूक नाही, धंद्याची रीतच तशी होती. मग त्या कच्च्या चकत्या आठवल्या. त्यात गायिका नव्हती. त्यात जसं झालं तसं होतं.

बहिणीला फोन लावला. "त्या लग्नाच्या व्हीसीडी आहेत का वं तुह्याजवळ?"

"आहेत ना. कुठं जातात? वावरात आहेत."

"वावरात काहून?"

"पाखरं हाकलाले."

तिचं म्हणणं असं की मशीन बिघडलं, चकत्या नुसत्याच पडल्या होत्या. संत्र्याच्या बगीच्याच्या कडेला घरापुरती ज्वारी असते, तिच्यावर पाखरं बसतात. पूर्वी कॅसेटची फीत ताणून बांधायचे, ती वाऱ्यानं गुणगुणायची. चकती बांधली की उन्हात चमकते, पाखरू बिचकतं. सगळा गावच बांधतो.

नात आणि मी एसटीनं काटोलला गेलो, तिथून पुढे ऑटोनं. जावई, म्हणजे बहिणीचा नवरा, आम्हाला धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, घेऊन गेला. बांबूच्या काठ्यांना सुतळीनं चकत्या बांधलेल्या, वाऱ्यानं गरगर फिरत होत्या. त्यात सिनेमाच्या होत्या, भजनाच्या होत्या, कोणाकोणाच्या लग्नाच्या होत्या. आमची एक सापडली. वर निळ्या शाईनं लिहिलेल्यातला फक्त 'ह' उरला होता. चांदी सगळी उडून गेलेली, चकती काचेसारखी झाली होती. नातीनं ती डोळ्यापुढे धरली तर पलीकडची संत्र्याची झाडं दिसत होती.

"पाच-सहा वर्सं ऊन खाल्लं तिनं," जावई म्हणाला. "काम मात्र चांगलं केलं."

बहीण बगीच्यात संत्र्याच्या ढिगाजवळ बसली होती. चार-पाच शेजारणी मोठी संत्री एकीकडे, बारीक एकीकडे करत होत्या. मी तिला ती चकती दाखवली आणि चौथ्या कडव्याचं सांगितलं.

"त्या काचेसाठी नागपुरावरून आली तू?" ती म्हणाली. "गाणं पाहिजे होतं तर फोनवर सांगायचं ना, येडे." आणि शेजारणींकडे वळून, "घ्या वं, पाट्यावर वाटली."

आणि त्या बायका गायला लागल्या. हात चालूच. पहिलं, दुसरं, तिसरं, जशाचं तसं, दुसऱ्या ओळींसकट. माझ्या जावेला कधी न पाहिलेल्या बायका तिची हळद सांडत होत्या. मग चौथं:

चौथी हळद आजीची, वाटीत उरली तर उरू दे वं,
उरू दे वं, उरू दे वं, उरू दे वं...

आणि टाळी. संपलं.

मी विचारलं, "पुढची ओळ?"

"पुढची नाही."

"अन् तीन-तीनदा काहून? माय कधी एक ओळ दोनदा म्हणायची नाही."

बहीण हसायला लागली. चकती नवी नवी आली तेव्हा तिच्यावर तेलाचा हात लागला. तिनं ताटली घासतात तशी ती राखेनं घासली. त्यानंतर ती त्या जागी अटकायची. तीनदा 'उरू दे वं' म्हणायची, मग चौकोन चौकोन यायचे, मग एकदम नवरदेवाच्या बापाचं तोंड. दुपारी गल्लीतल्या बायका जमायच्या, दुसरं काही लावायला नव्हतं, म्हणून रोज माझ्या मुलीचं लग्न. त्या गल्लीत ते जितक्या वेळा लागलं तितक्या वेळा मी ते आठवलंही नसेल.

एक म्हातारी शेजारीण म्हणाली, "आम्हाले तं वाटे गाणंच तसं हाय. आमच्या सुनांच्या हळदीत आम्ही तसंच म्हणलं." तिच्या बाजूची म्हणाली, "माह्या माहेरी बी म्हणतात आता."

म्हणजे अर्धं कडवं मिळालं आणि अर्धं राखेत गेलं. घरी येऊन हे सांगितलं तर ह्यांनी ते वेगळ्याच बाजूनं घेतलं. जिन्याखाली उभे राहून ओरडले, "ऐकलं का? शेवटी व्हीसीडीच कामी आली!"

"कामी आली?" वरून दीर. "पाखरं हाकलून राहिली होती ते!"

"तुह्या डीव्हीडीनं तेही नाही केलं."

मी दोन दुपारी वही घेऊन बसले. पुढची ओळ जुळवायचा प्रयत्न केला. उरली तर उरू दे, आणि मग काय? कोणाला लाव म्हटलं असेल? स्वतःला नव्हे, हे मला माहीत आहे. पाच-सहा ओळी केल्या. एक वाईट नव्हती. नातीला वाचून दाखवली. ती म्हणाली, "छान आहे आजी, पण ही तुझी आहे." मी वही ठेवून दिली.

हळद गच्चीवर झाली. काटोलाहून बहीण आली, दोन शेजारणींना घेऊन. मी मनाशी ठरवलं होतं की चौथं कडवं मी एकदाच म्हणणार, आई म्हणायची तसं, आणि तिथं थांबणार. एकदा म्हटलं आणि थांबले. त्या तिघी थांबल्या नाहीत. आणि मग मीही त्यांच्यात मिसळले. तिसऱ्या वेळी नातही म्हणत होती.

नवरदेवाकडच्या एका बाईनं मला विचारलं, "हे शेवटचं तीनदा काहून म्हणता जी?"

मी म्हटलं, "आमच्याकडे तसंच म्हणतात."

त्यात खोटं काही नव्हतं. वाटीत हळद उरली होती. ती मी जावेकडे दिली. तिनं ती जिन्यात सांडली.