गेणूभाऊ, इलेक्ट्रॉन आणि सरांची इस्त्री

प्रयोगशाळेत शोध क्वचितच लागतात, किस्से मात्र रोज साठतात! आमच्याकडे तर असे साठले, की आठवायला लागलो की थीसिस बाजूलाच राहतो.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. लोणावळ्यातल्या एका जुन्या बंगल्यात आमची प्रयोगशाळा. माणसं तीन. सर, त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करणारा मी, आणि कुरवंड्याहून रोज पायी येणारे आमचे मदतनीस गेणूभाऊ. त्यांच्याशिवाय तिथला एक स्क्रू हलत नसे. पण नऊ वर्षं झाली तरी ते रोजंदारीवरच. "चौथी पास माणसाला कायम कसं करणार?" असं दिल्लीच्या वरिष्ठांचं म्हणणं. सर दरवर्षी पत्र लिहायचे आणि दरवर्षी हेच उत्तर यायचं. मला त्याचा फार राग यायचा.

*

प्रयोग काय, हे पहिल्याच दिवशी सरांनी मला समजावलं. स्क्रूसारखा पिळत जाणारा प्रकाश सेमीकंडक्टरच्या स्फटिकावर टाकायचा. आतले इलेक्ट्रॉन त्याच दिशेनं गिरक्या घेऊ लागतात, पण डोळ्याचं पातं लवायच्या आत दिशा विसरतात. स्फटिकातून परत येणाऱ्या प्रकाशावरून त्यांना किती आठवतंय ते ओळखायचं.

गेणूभाऊ शेजारी टेबल पुसत होते. म्हणाले, "त्यांचं त्ये इसरत्यात, तर इसरू द्या की! आपुन कशाला लोकांच्या जुन्या गोष्टी उकरून काढायच्या?"

*

स्फटिक गार ठेवायला द्रवरूप नायट्रोजन लागायचा. एकदा जीप बिघडली, म्हणून मी आणि गेणूभाऊ त्याचा कॅन घेऊन पुण्याहून एसटीत बसलो. कॅनमधून पांढऱ्या वाफा निघायला लागल्या.

टाकव्याचे एक आबा म्हणाले, "आरं, दूध उतू चाललंय! झाकण लाव की!"

"झाकण घट्ट लावलं तर फुटंल आबा," गेणूभाऊ शांतपणे म्हणाले.

तळेगावला निम्मी एसटी रिकामी! आम्ही पुढे लोणावळ्यापर्यंत पाय पसरून आलो.

*

लोणावळ्याच्या दमट हवेत भिंगांना बुरशी धरायची. म्हणून एका कपाटात बल्ब लावून ती तिथे ठेवत. ऑगस्टमध्ये सरांनी कपाट उघडलं, तर आत चार भिंगं आणि तीस पापड!

सर तणतणत घरी गेले. त्यांच्या पत्नीनं, म्हणजे आमच्या बाईंनी, शांतपणे विचारलं, "पापडांना बुरशी आली?"

"नाही."

"मग भिंगं त्यांच्याशेजारीच ठेवत जा."

*

एकदा आलेख काढणाऱ्या रेकॉर्डरच्या कागदावर रोज सकाळी ठरावीक वेळी एक सुरेख उंचवटा उमटायला लागला. सर हरखले. शोधनिबंधाचं पहिलं पानसुद्धा लिहून झालं.

गेणूभाऊंनी कागद पाहिला. "साहेब, ही सकाळची ममईची गाडी. घाटाकडं निघाली की आपलं टेबल हलतंय."

"कशावरून?"

"आयतवारी ती गाडी नसती. आयतवारी तुमचा शोध लागतोय का बघा!"

रविवारी सर एकटेच येऊन बसले. सोमवारी टेबलाच्या पायांखाली स्कूटरच्या ट्यूब आल्या.

*

आणि मग दिल्लीची समिती यायची ठरली. गेणूभाऊंच्या कायम होण्याचा निकालही तीच देणार होती. आदल्या दिवशी मी प्रकाशाला पीळ देणारी अभ्रकाची परदेशी चकती पुसायला घेतली, आणि ती माझ्या हातातच मोडली! चकती नाही तर प्रयोग नाही, आणि प्रयोग नाही तर गेणूभाऊंचं पुन्हा तेच.

गेणूभाऊंनी तुकडा उजेडात धरून पाहिला. "ह्ये तर इस्तरीच्या पोटात बी असतंय की," म्हणाले आणि निघून गेले.

सकाळी बघतो तर त्यांनी करवंदीच्या काट्यानं अभ्रकाचे पापुद्रे सोडवत आणलेले. एकेक पापुद्रा लेझरसमोर धरायचे आणि पलीकडची पोलरायझरची काच गोल फिरवायचे. बाराव्या पापुद्र्याला थांबले. "ह्यो बगा. काच कशी बी फिरवा, उजेड कमी न्हाई का जास्ती न्हाई." म्हणजे प्रकाशाला पीळ बरोबर बसला होता.

तेवढ्यात सर आले. शर्ट असा चुरगळलेला, की जणू त्यातच झोपले होते. "अरे, घरातली इस्त्री सापडत नाहीये!" गेणूभाऊ खाली वाकून पापुद्रा चौकटीत बसवू लागले. मी टेबल पुसायला घेतलं.

समितीचे अध्यक्ष मूळचे पुण्याचेच. अंगावर कडक इस्त्रीचा सूट. सरांच्या शर्टाकडे बघून त्यांनी नाक मुरडलं. पण प्रयोग सुरू झाला आणि पीळ उजवा केला की रेकॉर्डरची सुई वर, डावा केला की खाली! अध्यक्ष खुर्चीतून उठलेच.

"आमच्याकडे इतकं स्वच्छ येत नाही हो! चकती कुठून मागवली?"

सरांनी गेणूभाऊंकडे पाहिलं. गेणूभाऊंनी सरांच्या शर्टाकडे पाहिलं, आणि सरांच्या डोक्यात प्रकाश पडला.

"यांनी केलीय," सर म्हणाले. "हेच ते चौथी पास."

अध्यक्ष गेणूभाऊंकडे वळून म्हणाले, "भाऊ, मलाही एक कराल का?"

"करतो की!" गेणूभाऊ म्हणाले. "पैलं मला कायम करा. मग तुमची इस्तरी आना."

अध्यक्षांनी आपल्या पँटच्या कडक घडीकडे एकवार पाहिलं, आणि खिशातून पेन काढलं.