सातवा प्रश्न

गंगापूर रोडला आमच्या कॉलेजसमोर त्याचं झेरॉक्सचं दुकान आहे. कागद काचेवर ठेवण्याआधी तो वाचतोच, तेही पुटपुटत. वर म्हणतो, "राग मानू नका मॅडम, सवयच लागलीये."

मी समाजशास्त्र शिकवते. माणसांना अंतराळाबद्दल काय वाटतं, हा माझा अभ्यासाचा विषय. जवळच्या एका शाळेतल्या मुलांसाठी केलेली प्रश्नावली त्याच्याकडे दिली, तर एकाही प्रतीत सातवा प्रश्न नाही. त्याने त्यावर कागदाची पट्टी ठेवून प्रती काढल्या होत्या. 'मेलेली माणसं तारे होतात, हे खरं की खोटं?' असा तो प्रश्न होता.

"माझी पोरगी त्याच शाळेत आहे," गठ्ठा काउंटरवर ठोकून सारखा करत तो म्हणाला. "तिची आई वर आहे असं सांगितलंय मी. अजून एक-दोन वर्षं राहू द्या ना."

मी प्रती तशाच वाटल्या. शेवटी विचारलं होतं, 'आकाशाबद्दल तुला आणखी काय माहीत आहे?' एका मुलीने पेन्सिलने लिहिलं होतं, 'मम्मी तारा झालेली नाही. पण पप्पांना सांगू नका.'

भरून आलेले सगळे कागद मी झेरॉक्सला त्याच्याकडेच दिले. तो एक सोडून.