देवराईतून आलेली ओ

हाक मारली की ओ द्यावी, एवढी साधी रीत मी त्या पोरीला शिकवली आणि त्यातून हे सगळं उभं राहिलं. शिकवलं कुणी? मीच. उगाच दुसऱ्याच्या नावानं खडे फोडण्यात अर्थ नाही.

ती परदेशातून आली होती. एकवीस वर्षांची, कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला. मी नाशिकला ज्या पर्यावरण संस्थेत काम करते, तिथं तिला तीन महिने बिनपगारी काम करायचं होतं. तिकडे त्याचे मार्क मिळतात म्हणे. तिला पाठवलं पेठकडच्या डोंगरात, एका पाड्यावर. पाड्याच्या वरच्या अंगाला देवराई आहे. आंबा, बेहडा, उंबर, सगळी जुनी झाडं. देवाची म्हणून कुणी फांदीसुद्धा तोडत नाही. तिथल्या झाडांना आवाज टिपणाऱ्या चार पेट्या बांधल्या होत्या. पेटी रोज उजाडताना तासभर आपोआप चालू व्हायची आणि पाखरांचे आवाज भरून घ्यायची. पोरीनं आठवड्याला कार्ड बदलायचं आणि भरलेलं कार्ड माझ्याकडे नाशिकला धाडायचं. मी हेडफोन लावून ऐकायचं, कुठलं पाखरू कधी बोललं ते लिहायचं, आणि मध्ये माणसाचा आवाज आला तर खूण करून तेवढा तुकडा काढून टाकायचा. आमच्या कामात माणसाचा आवाज म्हणजे कचरा.

पोरगी गुणाची होती, पण एक खोड. हाक मारली की नुसती मान वर करून बघायची. जिच्या घरी ती राहायची ती मावशी मला म्हणाली, "ताई, ही बोलत नाय का गं? बाये, बाये करून माझा घसा सुकला." मी पोरीला दटावलं. म्हटलं, आमच्याकडे असं ढिम्म बसत नाहीत, हाक आली की म्हणायचं, ओ. तिला इतकी मजा वाटली! दिवसभर ओ, ओ करत हिंडली. तिची ओ शेवटी वर चढायची, प्रश्न विचारल्यासारखी. मावशी तोंडाला पदर लावून हसत होती.

पहिल्याच कार्डात मला ती हाक सापडली. सहा वाजून दहा मिनिटं. रानकोंबडा आरवला, मग सगळं गप्प झालं, आणि लांबून बाईचा आवाज आला, "बाये, ये गंऽ." थोडं थांबून पुन्हा. मग तिसऱ्यांदा. दुसऱ्या दिवशी तीच वेळ, तशाच तीन हाका. तिसऱ्या दिवशी तेच. आवाजात रडणं नाही, घाई नाही. दर हाकेनंतर मोजल्यासारखी तेवढीच शांतता, आणि त्या शांततेत एक पाखरू बोलत नाही. भर दुपारी ऑफिसात चार माणसं असताना ऐकत होते, तरी मी पाय उचलून खुर्चीवर घेतले.

पुढच्या खेपेला मावशीला विचारलं. चुलीपुढे नागलीची भाकरी थापत होती, थापतच राहिली. "मीच ती," म्हणाली.

तिची मुलगी दिंडोरीकडे द्राक्षाच्या मळ्यात कामाला गेली होती, पाड्यावरच्या टोळीबरोबर. शिमग्याला सगळी टोळी परतली, ही आली नाही. मुकादम म्हणाला, मी तर तिला स्टँडवर सोडलं. पोलिसात सांगून झालं, मळे पालथे घालून झाले. जिवंत म्हणावं तर पत्ता नाही, गेली म्हणावं तर देह नाही. अशा माणसासाठी त्या पाड्यात एक रीत आहे. ज्या शिमग्याला माणूस आलं नाही, तिथून पुढच्या शिमग्यापर्यंत रोज उजाडताना घरच्यांनी देवराईच्या कडेला उभं राहून तीन हाका मारायच्या. नाव घ्यायचं नाही, रानाला नाव कळू द्यायचं नाही. त्या वेळी दुसऱ्या कुणी राईत पाय ठेवायचा नाही. वर्षभरात ओ आली तर माणूस आहे, वाट बघायची. नाही आली तर राईच्या कडेला त्याच्या नावाचा दगड मांडायचा आणि हाक बंद करायची.

"आता शिमग्याला किती दिवस राहिलेत?" मी विचारलं.

"महिनाभर," मावशी म्हणाली. "पोराला शब्द दिलाय. दगड मांडला की मी अंबडला त्याच्याकडं जाते."

तिचा मुलगा इकडे नाशिकला, अंबडच्या एका कारखान्यात होता. आईला न्यायला वर्षभर मागे लागला होता बिचारा. वर्षभरात ती वाळून काडी झाली होती. पोरगी राहायला येईपर्यंत एकटीच्या चुलीला ती काय शिजवत होती देव जाणे. तिची सुटका व्हावी असं मला मनापासून वाटत होतं.

हे सगळं मी त्या पोरीला सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. म्हटलं, कशाला घाबरवा, ती काय उजाडायच्या आत राईत जाणार आहे? अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय!

शिमगा चार दिवसांवर आला आणि मावशीच्या मुलाचा फोन आला. "मॅडम, आई म्हणते ओ आली! घर सारवून बसलीय. दगड मांडणार नाय, अंबडला येणार नाय म्हणते. जेवण दोघींचं करते मॅडम, दोघींचं!"

पोरगी दोन दिवसांपूर्वीच नाशिकला आली होती, तिनं आणलेलं ताजं कार्ड टेबलावर पडलं होतं, ते लावलं. सहा दहा. पहिली हाक. दुसरी हाक. तिसरी. आणि मग, पेटीच्या अगदी जवळून, माझ्या कानात कुणी बोलल्यासारखी, "ओऽ?"

मी हेडफोन काढून टेबलावर टाकले. मग धीर करून पुन्हा ऐकलं, आणि पुन्हा. चौथ्यांदा लक्षात आलं की ओ शेवटी वर चढतेय. अगं बाई! ही तर आमचीच!

खरंच तीच होती. त्या दिवशी नाशिकची गाडी धरायची म्हणून कार्ड बदलायला ती लवकर गेली होती. खालून "बाये" अशी हाक आली. घरात मावशी तिला बायेच म्हणायची, तिला वाटलं नाश्त्याला बोलावतेय. दिली ओ, आणि उशीर नको म्हणून तशीच वरच्या वाटेनं गाडीला गेली. मी सगळं सांगितल्यावर तिचा चेहरा पांढराफटक पडला. "ताई, आता मी काय करू?" म्हणाली आणि रडायला लागली. मी तिच्यावर ओरडले. ओरडायला हवं होतं स्वतःवर.

दोन रस्ते होते. गप्प बसले तर मावशी एका परक्या पोरीच्या ओ वर जन्मभर वाट बघत बसणार. सांगितलं तर तिच्या आशेवर मीच दगड ठेवणार. मी सांगायचं ठरवलं. खऱ्याला मरण नाही म्हणतात, आणि माझा तेव्हा त्यावर फार विश्वास होता.

पोरीला घेऊन पाड्यावर गेले. मावशीला अंगणात बसवलं आणि पोरीला म्हटलं, राईत जा आणि तिथून ओ दे. पोरगी गेली. झाडांतून ओ आली, शेवटी वर चढलेली. मावशीनं डोळे मिटले. पोरगी परत आल्यावर तिच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, "तू होतीस व्हय. बरं." मग उठून तव्यावरची दुसरी भाकरी कुत्र्याला घातली.

शिमग्याला दगड मांडला. आठवड्याभरात मावशी अंबडला गेली, तिच्या मागोमाग पोरगी तिच्या देशाला. विमानतळावरून तिनं फोन केला, तेव्हाही रडत होती. पेट्या तेवढ्या मोठी कार्डं घालून झाडांवरच ठेवल्या, पावसाआधी काढू म्हणून.

एप्रिलअखेरीला पाड्यावरच्या माणसानं पेट्या उतरवून पाठवल्या. मी दुपारची ऐकत बसले होते, कूलर घरघरत होता. सहा दहाला हात आपोआप थांबायचा माझा, सवय लागली होती. आता तिथं नुसती पाखरं असायची. बाई गेली, हाक गेली. मला बरं वाटायचं.

एका दिवशीच्या आवाजात सहा दहाला पाखरं गप्प झाली.

मग ओ आली. लांबून, राईच्या आतल्या अंगानं. "ओऽ गं." मग शांतता, बरोब्बर एका हाकेएवढी. "ओऽ गं." पुन्हा तेवढीच शांतता. तिसरी ओ. हाक कुठंच नव्हती. न मारलेल्या तीन हाकांना कुणीतरी तीनदा ओ दिली होती. मग रानकोंबडा आरवला आणि सकाळ नेहमीसारखी सुरू झाली.

ही ओ शेवटी वर चढत नव्हती. पाड्यावरच्या बायका देतात तशी खाली उतरत होती. तारीख बघितली, पोरगी जाऊन वीस दिवस झाले होते. तरी वेड्यासारखा तिला फोन लावला. "ताई, मी घरी आहे, इथं पाऊस पडतोय," ती म्हणाली. पाड्यावर विचारलं. कुणी आलेलं नाही, कुणी गेलेलं नाही, त्या वेळी राईत कोण जाणार? बाकीच्या तीन पेट्या ऐकल्या. त्यात काहीच नव्हतं. पुढच्या दिवसांतही नव्हतं. फक्त ती एक सकाळ, त्या एका पेटीत.

नियमानं खूण करून पुसायचं होतं. माझा हात धजेना. आठ दिवस झोप नाही की जेवण नाही. शेवटी अंबडला गेले.

मावशी पत्र्याच्या खोलीत भांडी घासत होती. अंगानं भरली होती जरा. शेजारच्या शेडमधलं मशीन धाडधाड चालू होतं. चहा पिऊन मुकाट परत जावं असं मनात आलं, देवाशपथ. चहाचा कप हातात देत तिनंच विचारलं, "पेट्या काढल्या का गं? काय बोलल्या?"

मी हेडफोन तिच्या कानाला लावले.

तिन्ही ऐकून होईपर्यंत ती हलली नाही. मग हेडफोन माझ्या हातात देऊन भिंतीला टांगलेली पिशवी घेतली. "चल," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी उजाडताना आम्ही दोघी राईच्या कडेला उभ्या होतो. पायाशी तो मांडलेला दगड. मावशीनं तीन हाका मारल्या. दर हाकेनंतर ती थांबायची आणि मी श्वास धरायचे. एक पान हललं नाही. तिसऱ्या हाकेनंतर आम्ही पार ऊन डोक्यावर येईपर्यंत थांबलो.

मला रडू फुटलं. "मावशी, माझं चुकलं," म्हटलं.

ती माझ्यावर चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. तिनं खाली बसून दोन्ही हातांनी माती उकरली, दगड मोकळा केला आणि उतारावर ढकलून दिला.

"आली होती ती," मावशी म्हणाली. "मीच नव्हते."

मग हाताची माती झटकून ती घराकडे निघाली, बंद पडलेली चूल सारवायला.